फिल्टर वारंवार क्लॉट होत असेल तर

तुमच्या वडिलांचा डायलिसिसचा फिल्टर लागोपाठ दोनदा क्लॉट झाला, म्हणजे त्यात रक्त गोठलं, दुसऱ्या वेळी रक्तही परत देता आलं नाही, आणि विचारल्यावर ‘होतं कधीकधी’ एवढंच उत्तर मिळालं. एखाद्या वेळी होतं, हे खरं. पण लागोपाठ होत असेल तर कारण शोधायलाच हवं.

फिल्टरमध्ये हजारो बारीक पोकळ नळ्या असतात. एकेका नळीचा आतला व्यास साधारण 200 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. रक्त परक्या पृष्ठभागाला लागलं की गोठू लागतं आणि हेपारिन हे औषध ते रोखतं. डोस कमी पडला किंवा हेपारिनच्या लाइनचा क्लॅम्प बंदच राहिला, तर क्लॉट होणारच. तरीही मी आधी फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) किंवा कॅथेटर (मोठ्या शिरेत घातलेली नळी) तपासायला सांगेन. तिथून रक्त नीट येत नसलं की सारखे अलार्म वाजतात, पंप थांबतो आणि थांबलेलं रक्त गोठतं. अशा वेळी नुसतं हेपारिन वाढवलं तर मूळ अडचण तशीच राहते, वर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कमी वेळात शरीरातलं फार पाणी काढलं तरी फिल्टरमधलं रक्त दाट होतं. सुरुवातीला नळ्यांतली हवा पूर्ण निघाली नसेल किंवा डायलिसिस चालू असतानाच रक्त चढवलं असेल, तर तेही विचारा.

फिल्टरमध्ये काळपट रेघा दिसू लागल्या, मशीनवरचं व्हीनस प्रेशर (रक्त शरीरात परत जातानाचा दाब) चढत गेलं, तर लगेच सिस्टरना दाखवा. वेळीच कळलं तर बहुतेक रक्त परत देता येतं. गुठळ्या झाल्यावर मात्र जोर लावून ते शरीरात ढकलत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी रक्त टाकून दिलं, ते योग्यच केलं.

पण नुकसान झालंच. फिल्टर आणि नळ्यांमध्ये मिळून साधारण 150 ते 250 मिली रक्त असतं. किडनीच्या रुग्णाला आधीच अ‍ॅनिमिया असतो, आणि रक्ताबरोबर लोहही जातं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. शिवाय फिल्टरमधल्या बारीक नळ्या बंद पडल्या की घड्याळात चार तास भरले तरी रक्त तेवढं साफ होत नाही. बुडालेला वेळ भरून कसा काढायचा, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

हेपारिन नव्यानेच सुरू झालं असेल, पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट्स घसरल्या असतील आणि पुरेसा डोस असूनही क्लॉट होत असेल, तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका. हेपारिनमुळेच उलट गुठळ्या होण्याचा एक विकार असतो. त्यात ते पूर्ण बंद करावं लागतं, कॅथेटरमध्ये भरून ठेवतात तेसुद्धा. आजच डॉक्टरांना फोन करा.