प्लेन्सबरोला येताय? मग आयव्ही लीगच्या चौथ्या जागेवर नजर ठेवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरअखेरीस नागपूरहून न्यू जर्सीत प्लेन्सबरोला येताय. नववीतली मुलगी शाळेकडून बास्केटबॉल खेळते आणि तिला इथलं मुलींचं कॉलेज बास्केटबॉल प्रत्यक्ष बघायचंय. कुठली लीग धरावी, प्लेऑफमध्ये कोण जातं हे कसं ठरतं, तिकिटं कधी काढावीत, आणि तिला स्वतःला कुठे खेळता येईल.

लीग शोधत बसू नका. शेजारचं गाव प्रिन्स्टन, आणि तिथल्या विद्यापीठाचा मुलींचा संघ म्हणजे आयव्ही लीगमधलं (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आठ जुन्या विद्यापीठांची लीग) गेल्या पंधरा वर्षांतलं सर्वांत भरवशाचं नाव. २०१४-१५ मध्ये साखळी संपेपर्यंत हा संघ ३०-० होता, म्हणजे तीस विजय आणि एकही पराभव नाही. २०२२ मध्ये केंटकीला आणि २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटला त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. टीव्हीवर गाजणारी बिग टेन ही कॉलेज लीग वेगळी. तिच्यात २०२४ पासून १८ संघ आहेत, लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीच्या रटगर्सपर्यंत. तिथे बहुतेक संघांची गाठ मोसमात एकदाच पडते, त्यामुळे तक्ता वाचताना कुणाच्या वाट्याला सोपे सामने आले हे डोक्यात धरावं लागतं. मोठी नावं बघायची हौस असेल तर रटगर्सकडे यूसीएलए किंवा आयोवा आले की एक फेरी मारा. पण एक अख्खा मोसम समजून घ्यायचा असेल तर आयव्हीच बरी. संघ आठ: प्रिन्स्टन, कोलंबिया, हार्वर्ड, येल, ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन. प्रत्येकाशी एक सामना घरी, एक बाहेर, एकूण १४. (हे पेन म्हणजे फिलाडेल्फियातलं. पेन स्टेट निराळं, ते बिग टेनमध्ये. तिकीट काढताना नवखी माणसं हमखास इथे फसतात.)

वेळापत्रक तुमच्या सोयीचं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात संघ बाहेरच्यांशी खेळतात. आपसातले सामने डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला सुरू होतात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतात. म्हणजे सामान उघडून होतंय तोवर खरी शर्यत सुरू होईल.

आता शर्यत. आयपीएलसारखे इथेही पहिले चार पुढे जातात, पण साम्य तिथेच संपतं. पहिल्या दोघांना हरल्यावर दुसरी संधी नाही. मार्चच्या मध्यावर एका ठिकाणी चौघे जमतात. मुलींचे उपांत्य सामने शुक्रवारी, पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा, आणि शनिवारी अंतिम. जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएएत, थेट जागा. २०१७ च्या आधी ही छोटी स्पर्धा नव्हतीच, साखळीत पहिला आला तो सरळ एनसीएएत जायचा. आता साखळीत पहिलं येणाऱ्याला लीगचं विजेतेपद मिळतं, थेट प्रवेश मात्र नाही. २०२३ मध्ये कोलंबिया आणि प्रिन्स्टन १२-२ अशा बरोबरीत संयुक्त विजेते होते. कोलंबिया उपांत्य फेरीत हार्वर्डकडून हरली आणि एनसीएएच्या यादीत तिचं नाव आलंच नाही. २०२५ मध्ये कोलंबिया १३-१ ने एकटीच पहिली होती, पण स्पर्धा जिंकली तिसऱ्या मानांकनाच्या हार्वर्डने. उपांत्य फेरीत हार्वर्डच्या हार्मनी टर्नरने एकटीने ४४ गुण केले आणि प्रिन्स्टन ७०-६७ ने बाहेर पडलं.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्या जागेची चर्चा ऐका, पण बघायला जा चौथ्या जागेचे सामने. पहिल्या जागांवर कोण असेल याचा अंदाज बऱ्याचदा आधीच आलेला असतो. खरी ओढाताण चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यात होते. पाचव्याचा मोसम साखळीच्या शेवटच्या शनिवारी संपतो, आणि चौथ्याला दोन सामने जिंकले की एनसीएए.

तक्ता वाचताना जिंकलेल्या सामन्यांचा रकाना आधी बघू नका. जानेवारीत संघांचे सामने मागेपुढे झालेले असतात, एखाद्याचे सहा तर एखाद्याचे पाच. जिंकायचे सामने अजून शिल्लक असू शकतात, हरलेला सामना मात्र परत मिळत नाही. म्हणून हरलेल्यांचा रकाना धरा. शेवटच्या दोन आठवड्यांत मुलीला वहीत एवढंच करायला सांगा: समजा चौथा संघ ७-४ आहे आणि पाचवा ५-६, दोघांचे तीन-तीन सामने उरलेत. पाचवा सगळे जिंकला तरी ८ वरच थांबणार. मग चौथ्याला दोन विजय पुरे, कारण ९ ला कुणी गाठू शकत नाही. किंवा स्वतःचा एक विजय आणि पाचव्याचा एक पराभव. एकच विजय मिळाला आणि पाचवा तिन्ही जिंकला, तर बरोबरी.

बरोबरी सोडवताना नेट रनरेटसारखा गुणफरक मोजत नाहीत. आधी दोघांचे आपसातले दोन सामने बघतात. ते १-१ असतील तर पहिल्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध कुणाची कामगिरी चांगली, मग दुसऱ्याविरुद्ध, असं खाली उतरत जातात. तरीही सुटलं नाही तर संगणकीय मानांकनांची सरासरी. याचा परिणाम मजेशीर आहे. जानेवारीच्या एखाद्या थंड शनिवारी तळाजवळचा संघ अव्वल संघाला हरवून जातो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि मार्चमध्ये ८-६ वर दोघे बरोबरीत आले की तोच विजय निकाल देतो: एकाचे अव्वल संघाविरुद्ध ०-२, दुसऱ्याचे १-१, दुसरा आत. तिघांची बरोबरी झाली तर तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता करायचा, प्रत्येकाचे चार सामने. पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर दोघेही विजेते, हे नियम फक्त मानांकनापुरते.

हरलेल्यांनाही एनसीएएचं एक दार उघडं असतं. २०२५ मध्ये ६८ पैकी ३१ जागा कॉन्फरन्स (म्हणजे आयव्हीसारख्या लीग) जिंकणाऱ्यांना होत्या आणि ३७ निवड समितीच्या हातात. समिती ‘नेट’ नावाचं मानांकन वापरते आणि कुणाला कुठे हरवलं याची प्रतवारी लावते: पहिल्या प्रतीचा विजय म्हणजे घरी पहिल्या २५ मधल्याला, तटस्थ मैदानावर पहिल्या ३५ मधल्याला किंवा बाहेर जाऊन पहिल्या ४५ मधल्याला हरवणं. आयव्हीच्या आत असे सामने मोजकेच मिळतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात प्रिन्स्टन-कोलंबिया मुद्दाम तगडे प्रतिस्पर्धी घेतात आणि कधीकधी सडकून मारही खातात. २०२५ मध्ये या मेहनतीचं चीज झालं: हार्वर्ड थेट, कोलंबिया आणि प्रिन्स्टन निवडीने, असे आयव्हीचे तीन संघ पहिल्यांदाच एनसीएएत होते.

काही आठवड्यांत शुक्रवार-शनिवार असे लागोपाठ दोन सामने असतात, ते तारखा बघून आधी हेरून ठेवा. जोड्या भूगोलावरून पडल्यात: प्रिन्स्टन-पेन, कोलंबिया-कॉर्नेल, येल-ब्राऊन, हार्वर्ड-डार्टमथ. पाहुणा संघ शुक्रवारी एकाकडे खेळतो, रात्री बसने दुसऱ्याकडे जातो आणि शनिवारी संध्याकाळी पुन्हा मैदानात उतरतो. कोलंबिया-कॉर्नेल ही यातली सगळ्यात वाईट जोडी. कोलंबियाच्या मॅनहॅटनहून कॉर्नेलच्या इथाकाला बसने चार-पाच तास, वर हिमवर्षाव. शनिवारच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये मुलीला एकच गोष्ट बघायला सांगा: लांबचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडायला लागले की पाय थकले. तेव्हा ज्याच्या बाकावर आठवी-नववी खेळाडू कामाची आहे तो संघ जिंकतो, पाचच जणींवर चाललेला संघ हरतो. चौथी जागा बहुधा अशाच शनिवारी हातची जाते.

नियम तिला फारसे परके वाटणार नाहीत. मुलींच्या कॉलेज सामन्यात दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, सहा नंबरचा चेंडू, पाच फाऊलला बाहेर आणि तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, हे सगळं तिकडच्यासारखंच. फरक शॉट क्लॉकचा. २४ ऐवजी ३० सेकंद, आक्रमक रिबाउंडनंतर १४ ऐवजी २०. चेंडू अर्ध्याच्या पुढे न्यायला ८ ऐवजी १०. रिंगखालचा रंगवलेला पट्टाही अरुंद, १२ फुटांचा, त्यामुळे उंच पोरी बास्केटच्या जास्त जवळ उभ्या राहू शकतात. एक गोष्ट फलकावर कायम बघायची: संघाचे फाऊल. प्रत्येक क्वार्टरला ते शून्यावर येतात आणि पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. दोन गुणांनी मागे असलेल्या संघाचे शेवटच्या २५ सेकंदांत दोनच फाऊल झाले असतील, तर समोरच्याला फ्री थ्रोवर आणायलाच तीन फाऊल खर्च होतात आणि घड्याळ निघून जातं. चार आधीच झाले असतील, तर पहिल्याच फाऊलला समोरचा फ्री थ्रोवर येतो. प्रशिक्षक शेवटच्या मिनिटात बोटं दाखवत ओरडतात ते याच हिशोबासाठी.

बसायचं कुठे? प्रिन्स्टनचं जॅडविन जिम्नॅशियम १९६९ चं, भलंमोठं, मुलींच्या सामन्याला सहसा भरत नाही. खाली पाहुण्या संघाच्या बाकामागे जागा मिळाली तर तीच घ्या. टाइमआउटमध्ये काय बोलतात ते ऐकू येतं, आणि खेळणाऱ्या मुलीला त्याचा जास्त उपयोग. प्लेन्सबरोहून गाडीने पाव तास. स्वतःची गाडी घेईपर्यंत प्रिन्स्टन जंक्शनहून ‘डिंकी’ नावाची छोटी रेल्वे पाच मिनिटांत प्रिन्स्टनला सोडते, पुढे पंधरा-वीस मिनिटं चाल. रात्रीच्या सामन्यानंतर परतीची डिंकी कितीला आहे ते निघतानाच बघून ठेवा. चुकली तर थंडीत टॅक्सी शोधत बसाल.

बाहेरचे दोन सामने तरी करा. कोलंबियासाठी प्रिन्स्टन जंक्शन ते न्यूयॉर्क पेन स्टेशन, तिथून १ नंबरची सबवे, उतरायचं ११६ व्या रस्त्यावर. तिथलं लेव्हियन जिम छोटं आहे आणि प्रिन्स्टनविरुद्धच्या सामन्याची तिकिटं लवकर उडतात, तेव्हा ती वेळापत्रक जाहीर झाल्या झाल्या काढा. पेनसाठी ट्रेंटनला गाडी बदलून सेप्टाने (फिलाडेल्फियाची लोकल) फिलाडेल्फियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनला उतरा, तिथून चालत पॅलेस्ट्रा, पेनचं सभागृह. १९२७ साली उघडलेली ही इमारत. बाकडी मैदानाला इतकी खेटून की बुटांचा चर्रर्र आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. सामना कसाही होवो, मुलगी खूश होईल.

तिकिटं विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या पानावरूनच घ्या, दलाली संकेतस्थळं उगाच फी लावतात. घरच्या साध्या सामन्याला आदल्या दिवशीही मिळतात. चौघांच्या स्पर्धेचं वेगळं. यजमान आळीपाळीने बदलतो: २०२३ मध्ये प्रिन्स्टन, २०२४ मध्ये कोलंबिया, २०२५ मध्ये ब्राऊन. सभागृह लहान असेल तर तुमचा संघ पोचेल का याची वाट बघण्यात तिकीट जातं. ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ यांच्याकडे असेल तर हॉटेल रद्द करता येईल असंच धरा.

मुलीच्या खेळाबद्दल. शाळांच्या हिवाळी संघाची निवड थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आसपास उरकते, त्यामुळे यंदा शाळेच्या संघात जागा मिळेल असं धरून येऊ नका. तरी शाळा ठरताच तिथल्या ॲथलेटिक डायरेक्टरला (क्रीडाप्रमुखाला) ईमेल करा, वसंतात क्लबचे संघ जमतात त्यांची नावं तेच सांगतात. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म वर्षाच्या आतला लागतो आणि तो इथल्याच नमुन्यात भरावा लागतो. तिकडून डॉक्टरांची चिठ्ठी आणून काम होत नाही, लसीकरणाचं कार्ड मात्र जरूर आणा.

तिच्या डोक्यात पुढे कॉलेजात खेळायचं असेल तर दोन गोष्टी आत्ताच सांगा. आयव्हीत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. घरची आर्थिक स्थिती बघून मदत मिळते, तीही आधी अभ्यासावर प्रवेश मिळाला तर. पदवीनंतर उरलेलं वर्षही तिथे खेळता येत नाही. प्रिन्स्टनची केटलिन चेन म्हणूनच कनेटिकट विद्यापीठात गेली आणि २०२५ मध्ये त्यांच्यासोबत राष्ट्रीय विजेती झाली. दुसरं, डिव्हिजन वनसाठी (कॉलेज खेळाची सर्वांत वरची पातळी) एनसीएए, म्हणजे ती राष्ट्रीय स्पर्धा घेणारी संघटना, नववीपासूनचे १६ मुख्य विषय मोजते. नववीची मूळ गुणपत्रिका आणि शाळेच्या शिक्क्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये टाकू नका.