गॉस्पेलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीतात, फक्त देवाची स्तुती असते की समाजातल्या अन्यायावरही बोललं जातं?

बोललं जातं, आणि थेट बोललं जातं. यासाठी मी 'द स्टेपल सिंगर्स' या कुटुंबाचं नाव आधी घेईन. वडील रोबक ऊर्फ 'पॉप्स' स्टेपल्स मिसिसिपीत कापूस वेचत वाढले. पुढे शिकागोत आल्यावर मुलांना घेऊन चर्चमध्ये गाऊ लागले. एकदा अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकलं आणि मुलांना सांगितलं की हे जे प्रवचनात सांगू शकतात, ते आपण गाण्यात सांगू शकतो.

१९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत शिरू दिलं नाही, गव्हर्नरने दारात सैनिक उभे केले. त्यावर पॉप्सनी गाणं केलं, 'मला इतकं वाईट का वागवतात?' अशा अर्थाचं. किंगना ते फार आवडायचं. त्यात आरडाओरडा अजिबात नाही. पॉप्सची गिटार पाण्यावरच्या तरंगासारखी थरथरते, मागून मुलांचे आवाज हळूच येतात, आणि त्यांची मुलगी मेव्हिस हिचा खर्जातला आवाज लागला की अंगावर काटा येतो. प्रार्थनाच वाटते, पण प्रश्न देवाला आहे तसा शेजाऱ्यालाही आहे. मला तर ते सगळ्या घोषणांपेक्षा जास्त भिडतं.

ऐकायला सुरुवात करायची तर १९६५ चा 'फ्रीडम हायवे' हा अल्बम घ्या. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चानंतर काहीच आठवड्यांनी शिकागोच्या एका चर्चमध्ये, भरलेल्या सभेत तो ध्वनिमुद्रित झाला. लोकांच्या टाळ्यासुद्धा ऐकू येतात.