"मॅडम, तुम्ही झोपला असाल म्हणून..."

प्रश्न: मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनला लेक्चरर आहे. परवा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा संसर्ग) एक पेशंट होता, साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेला तरुण मुलगा. रात्री १ नंतर लघवी जवळजवळ बंद, म्हणजे किडनी बिघडत असल्याची खूण. फर्स्ट इयरच्या रेसिडेंटने (वॉर्डात शिकत काम करणारा डॉक्टर) चार्टवर सगळं नीट लिहिलंय, पण मला फोन नाही, थेट सकाळी राउंडला कळलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही झोपला असाल म्हणून." मी तर सगळ्यांना सांगते, कधीही फोन करा. तरी का करत नाहीत?

उत्तर: कारण "कधीही" म्हटलं की नेमकं कधी ते त्या पोरानेच ठरवायचं, तेही २४ तास उभं राहून झाल्यावर. त्याऐवजी ड्युटी सुरू होताना पेशंटच्या खाटेशी उभं राहून सांगा, हा ६० किलोचा आहे, किलोमागे अर्धा एमएल धरून, दोन तास सलग लघवी तासाला ३० एमएलच्या खाली गेली की मला फोन, विचार करत बसायचं नाही. मग फोन करणं म्हणजे त्याला येत नाही असं होत नाही, तुमची ऑर्डर पाळणं होतं.

रात्री साडेअकराला तुम्हीच एक फोन करा, आणि "सगळं ठीक ना?" असं विचारू नका हो, त्याला "हो मॅडम" शिवाय उत्तरच नसतं. विचारा, "आज कुठल्या पेशंटची काळजी वाटतेय?"

मी रेसिडेंट असताना पहिल्याच महिन्यात रात्री रजिस्ट्रारला, म्हणजे सीनियर डॉक्टरला, डोस विचारला होता, ते म्हणाले, "एवढंही येत नाही?" बस, त्यानंतर दोन महिने मी सिस्टरना विचारून काम भागवलं, त्या होत्या म्हणून माझे पेशंट वाचले. त्यामुळे पहिल्या फोनला तुमचा आवाज कसा लागतो त्यावर पुढचं वर्ष ठरतं, हे मी अगदी मनापासून सांगते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका उलट जास्त निघाल्या, कारण तिथली माणसं चुकांबद्दल बोलत होती. तुमच्या युनिटमध्ये फोन वाढले तर घाबरू नका.

आणि त्या मुलाला आजच एकट्याला बोलवा, सगळ्यांसमोर नको. आधी सांगा की तू लघवी तासातासाला मोजलीस, चार्ट बरोबर भरलास. मग चार्टवरच्या ३ वाजताच्या आकड्यावर बोट ठेवा आणि म्हणा, इथे मला उठवायचं.