वाचकांचे प्रश्न : उघड्या गाडीचा कणा

प्रश्न : मी १९६८ सालची एमजीबी रोडस्टर (पक्के छप्पर नसलेली ब्रिटिश गाडी) घेतली असून ती घरीच पूर्ववत करण्याचा विचार आहे. रंग बरा दिसतो. पण गाडी बाजूने जॅकवर उचलली की चालकाकडचा दरवाजा नीट लागत नाही, आणि दरवाजाखालचा पत्रा दोन ठिकाणी बोटाने दबतो. वेल्डिंग जाणणारे एक परिचित म्हणतात की दोन्ही बाजूंचे सिल (दरवाजाखालचे पत्र्याचे भाग) एकदमच कापून नवे बसवू, म्हणजे काम लवकर उरकेल. आधी इंजिन उतरवावे की हे काम हाती घ्यावे?

उत्तर : इंजिनाला तूर्त हात लावू नका आणि दोन्ही सिल एकदम तर मुळीच कापू देऊ नका. पक्के छप्पर असलेल्या गाडीत वाकवणारा ताण छप्पर, खांब आणि तळ यांच्यात वाटला जातो. उघड्या गाडीला छप्परच नसल्यामुळे तो जवळजवळ सगळा तळाचा पत्रा, मधला बोगदा (गिअरबॉक्सवरून मागे जाणारा पत्र्याचा उंचवटा) आणि दरवाजांखालून जाणारे पेटीसारखे सिल यांच्यावर येतो. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबीला खाली स्वतंत्र चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, नाही. बॉडी हीच तिची चासी. (त्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरला स्वतंत्र चासी आहे, तरी तिच्याही सिलना हलके लेखू नये.) दोन्ही सिल काढले की गाडी मधोमध वाकते, आणि त्या वाकलेल्या अवस्थेत नवे सिल वेल्ड झाले तर तो बाक कायमचा होऊन बसतो.

जॅकवर दरवाजा न लागणे हे याच दुखण्याचे लक्षण आहे. गाडी चाकांवर उभी असताना दरवाजाभोवतीची फट नीट पाहा. सिल खचलेले असतील तर बॉडी मध्यभागी खाली बसते, दरवाजाच्या पुढच्या व मागच्या खांबांची वरची टोके एकमेकांकडे झुकतात आणि फट वर अरुंद व खाली रुंद दिसते. सिलच्या मध्याजवळ जॅक लावला की नेमके उलटे होते. खणखणीत गाडीत या दोन्ही स्थितींत फटीत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही.

बाहेरून एकच पत्रा दिसत असला, तरी सिलमध्ये बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि त्यांच्या खाली कॅसल रेल (लांबीभर जाणारी पत्र्याची पट्टी) असे अनेक भाग असतात. गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेर नाण्याएवढे भोक दिसले तर आतला पडदा निम्मा उडालेला आहे असेच धरून चालावे. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून सावकाश फिरवा. जिथे त्याची पकड सुटते तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणत्कार देतो, कुजलेला ढब असा आवाज करतो आणि आतल्या आत गंजाचे पापुद्रे झडल्याची खसखस ऐकू येते. ही खसखस ऐकूनही वरून केवळ पट्टी मारून रंग देणाऱ्यांची कामे मी बरीच उघडली आहेत. ती उघडताना कौतुकाचे शब्द तोंडी येत नाहीत.

कापण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर भक्कम घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी आधारांवर) घ्या. घोड्या सिलखाली न लावता जिथे सस्पेन्शनचा भार बॉडीवर येतो तिथे, म्हणजे पुढच्या आडव्या बीमखाली आणि मागच्या ॲक्सलखाली लावा, म्हणजे बॉडी रस्त्यावर उभी असल्यासारखीच राहील. इंजिनाला हात लावू नका असे म्हटले ते याचसाठी. त्याचे वजन जागेवर असलेले बरे. पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आधार वेल्ड करा. तो आतल्या बाजूने असावा, कारण काम चालू असताना दरवाजा पुन:पुन्हा लावून पाहायचा आहे. दरवाजाच्या चौकटीच्या कर्णांची मापे घेऊन लिहून ठेवा.

मग एकाच बाजूला हात घाला. आतले भाग आधी बसवा, दरवाजा अडकवून फट तपासा, आणि बाहेरचा सिल क्लॅम्पने धरून दरवाजा पुन्हा उघडझाप करून समाधान झाल्यावरच तो वेल्ड करा. पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा असल्यामुळे मिग वेल्डिंगमध्ये (तार आपोआप पुढे सरकणाऱ्या विजेच्या वेल्डिंगमध्ये) ०.६ मिलिमीटरची तार चांगली चालते. सलग रेघ ओढली की उष्णतेने पत्रा उसळतो. लहान टाके एकमेकांपासून दूर, जागा बदलत मारावेत आणि मधली अंतरे नंतर भरत जावे. काम संपल्यावर पेटीच्या आत मेण फवारा, पण पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नका.

माझ्या पहिल्या गाडीत मी घाईने घोड्या सिलच्या मध्यावर लावल्या होत्या. वेल्डिंग देखणे झाले. खाली उतरवल्यावर दरवाजा एका बोटाच्या अंतरावर अडला आणि ते सगळे काम मला पुन्हा कापावे लागले.

वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते, कारण स्फोट वाफेचा होतो.

प्रश्न : माझ्या गाडीचे इंजिन दहा वर्षे सुरू झालेले नाही. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारून पाहावा का?

उत्तर : नको. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर स्टार्टरच्या झटक्याने त्या मोडू शकतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, दोन-चार दिवस थांबा आणि मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडले तर जोर न करता आणखी तेल व आणखी दिवस द्या. ते मोकळे फिरू लागले की ऑइल बदला आणि प्लग काढलेल्या अवस्थेतच स्टार्टरने फिरवून ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत थांबा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष कड्यांचा किंवा सिलिंडरच्या झिजेचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. जुने पेट्रोल टाकून द्या आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कारण जुन्या नळ्यांचे रबर इथेनॉलने सैल पडून चिरते.

प्रश्न : १९६५ सालच्या माझ्या एमजीबीचे रंगकाम झाल्यापासून इंडिकेटर दिला की मागचा दिवाही लुकलुकतो. सगळी वायरिंग बदलावी का?

उत्तर : बहुधा गरज नाही. दिव्यांचा परतीचा प्रवाह बॉडीतून जातो आणि नव्या रंगाने अर्थची, म्हणजे तार बॉडीला जोडण्याची, जागा झाकली गेली की तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. अर्थचे स्क्रू काढून त्याखालचा रंग उघड्या धातूपर्यंत खरवडा आणि घट्ट बसवून वर ग्रीस लावा. एक मात्र ध्यानात ठेवा: १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तुमच्या गाडीत पुढे कोणी ते बदलून ऋण टोक बॉडीला जोडले आहे का, हे पाहिल्याशिवाय आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू नका.

प्रश्न : नवा व्हिनाइलचा टप (घडीचे मऊ छप्पर) आणला, पण तो काचेच्या चौकटीपासून दोन बोटे अपुरा पडतो. विक्रेत्याला परत करावा का?

उत्तर : आधी दिवस कोणता निवडला होता ते आठवा. व्हिनाइल थंडीत आखडते. टप उन्हात तासभर पसरून ठेवा आणि मऊ असतानाच ताणा. तरीही पुरला नाही तर टपाची चौकट, समोरच्या काचेचा कल आणि दरवाजाच्या काचेची उंची ही जुळवणी पाहा, आणि अर्थातच दरवाजाच्या फटी पाहा, कारण बॉडी वाकलेली असेल तर नवा टपही तुम्हाला अपुराच वाटेल. बटणांची भोके पाडण्यापूर्वी टप चिमट्यांनी धरून एक रात्र तसाच ताणलेला ठेवा. भोक एकदा पडले की तो परत करता येत नाही.