वाचकांचे प्रश्न : बोकडाच्या चरबीचा साबण

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात राहतो. थंडीत माझी आणि सासूबाईंची त्वचा इतकी कोरडी पडते की पोटरीवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. प्राण्यांच्या चरबीपासून केलेल्या साबणाने त्वचा मऊ राहते असे वाचनात आले; मात्र त्या सर्व कृती परदेशी असून त्यांत गाईबैलांची चरबी सांगितलेली असते. आपल्याकडे मिळणाऱ्या बोकडाच्या चरबीपासून असा साबण घरी करता येईल का? प्रमाण काय घ्यावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : करता येतो, आणि चांगला होतो. महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळू यांच्या हत्येवरही २०१५ पासून बंदी असल्यामुळे परदेशी कृतीतील चरबी इथे शोधण्यात अर्थ नाही, आणि तशी गरजही नाही. बोकडाच्या चरबीतही स्टिअरिक, पामिटिक आणि ओलिइक ही आम्लेच मुख्य असतात. पहिल्या दोहोंमुळे वडी टणक होते आणि फेस साईसारखा दाट येतो, तर तिसऱ्यामुळे साबण त्वचेला सौम्य लागतो. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि गुर्द्याभोवतीची पांढरी, कोरडी चरबी मागावी. मांसाला चिकटलेल्या चरबीला वास अधिक असतो.

प्रमाणाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. साबणाने त्वचेला येणारा मऊपणा चरबीवर जितका अवलंबून असतो, तितकाच कॉस्टिक सोडा (चरबीचा साबण करणारा तीव्र क्षार) किती कमी घातला यावरही असतो. सगळ्या चरबीचा साबण होण्यास जितका सोडा लागतो त्यापेक्षा तो सहा-सात टक्के कमी घेतला की तेवढा स्निग्धांश साबणात मोकळा राहतो. शिवाय शंभर ग्रॅम चरबीमागे सुमारे दहा ग्रॅम ग्लिसरीन आपोआप तयार होते. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळे काढले जाते, घरच्या साबणात मात्र जागीच राहते. मध, कोरफड, शेवटच्या क्षणी घातलेले महागडे बदाम तेल यांवर होणारा खर्च मला अनाठायी वाटतो. मिश्रण दाट होऊ लागले तरी त्यातील बराच सोडा अजून जागा असतो, आणि बदाम तेल सोडून फक्त चरबीलाच धरावे असा विवेक त्याच्यापाशी नसतो.

सुमारे पाऊण किलो साबणासाठी कढवलेली चरबी ३०० ग्रॅम, खोबरेल तेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर १४० ग्रॅम घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर चालते. खोबरेलामुळे भरपूर फेस येतो, परंतु साबणात उतरल्यावर तेच त्वचा कोरडीही करते. म्हणून आपल्यासारख्यांनी ते तीस टक्क्यांच्या वर नेऊ नये. पाण्यासह सर्व काही ग्रॅममध्ये, डिजिटल काट्यावर तोलावे. वाटी-चमच्याचा अंदाज स्वयंपाकात चालतो, इथे नाही. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असल्याने त्यातले एखादे तेल बदलले तर सोड्याचे गणितही नव्याने मांडावे लागते.

चरबी कढवण्याचे काम वेळखाऊ आहे, पण साबणाचा वास त्यावरच ठरतो. अर्धा किलो कच्ची चरबी बारीक कापून, मांसाचा कण न् कण काढून, जाड बुडाच्या पातेल्यात पेलाभर पाणी आणि चमचाभर मिठासह अगदी मंद आचेवर ठेवावी. पाण्यामुळे ती करपत नाही. दोन-अडीच तासांत चरबी वितळून तुकडे आक्रसले की पंच्यातून गाळावी व थंड होऊ द्यावी. वर पांढरी चकती जमते, खाली करडे पाणी राहते. चकती उचलून उलटी केली की तिच्या बुडाला चिकटलेला तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. तो सुरीने खरवडून टाकावा आणि पुन्हा नवे पाणी-मीठ घालून हीच क्रिया करावी. दोन वेळा कढवलेल्या चरबीला बोकडाचा उग्र दर्प फारसा उरत नाही. फ्लॅटमध्ये हे काम एक्झॉस्ट पंखा लावून, शेजाऱ्यांच्या पूजाअर्चेची वेळ टाळून केलेले उत्तम.

सोड्याचे काम मुले आणि मांजरे घराबाहेर असताना करावे. डोळ्यांवर बंद चष्मा, हातात रबरी मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा हवा. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे पातेले कदापि वापरू नये, कारण सोडा त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. नाल्या साफ करण्याच्या काही चूर्णांत ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, त्यामुळे तीही नकोत. रसायनांच्या दुकानातून शुद्ध सोडा आणावा. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. द्रावण पाहता पाहता उकळत्या चहाइतके तापते आणि त्याची वाफ घशाला झोंबते, म्हणून हे खिडकीशी करावे. अंगावर थेंब उडालाच तर लिंबू किंवा व्हिनेगर चोळत न बसता ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धरावी. डोळ्यात गेला तर तसेच पाण्याने धूत राहून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

चरबी आणि तेले एकत्र वितळवून, दोन्ही मिश्रणे ४५ अंश सेल्सियसच्या आसपास आली की सोड्याचे पाणी बारीक धारेने तेलात सोडावे. याहून गार झाल्यास नवखे लोक हमखास फसतात, कारण चरबी नुसती थिजते आणि मिश्रण तयार झाल्यासारखे दिसते. हँड ब्लेंडर सलग न चालवता थांबत थांबत फिरवावा. ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उठून राहिली की मिश्रण बटर पेपर लावलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओतावे. चरबीचा साबण लवकर कडक होतो. दुसऱ्या दिवशीच वड्या पाडाव्यात, उशीर केला तर कडा तुटतात. त्यानंतर चार ते सहा आठवडे वड्या हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता ठेवाव्यात. वापरण्यापूर्वी ओल्या वडीवर पीएच पट्टी (क्षाराची तीव्रता रंगाने दाखवणारा कागद) लावून पाहावी; नऊ-दहाच्या आसपास रंग आला तर ठीक, अकराच्या वर असेल तर तो साबण अंगाला लावू नये.

आणखी एक. आपल्या संकुलात टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर कोरडेपणाचा काही दोष त्या पाण्याकडेही जातो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम कोणत्याही खऱ्या साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. बादलीच्या कडेला राखाडी कड धरते तोच थर त्वचेवरही बसतो. चरबीचा साबण याला अपवाद नाही. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत, आणि अंग ओलसर असतानाच थोडे खोबरेल चोळावे. साबण अंगावर मिनिटभर राहतो, तेल दिवसभर. सासूबाईंच्या पोटऱ्यांना अधिक गुण त्याचाच येईल. भेगा पडून रक्त येत असेल किंवा खाज थांबत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : जूनमध्ये केलेल्या साबणाच्या वड्यांवर पाण्याचे थेंब साचतात. काही वड्या अजून मऊ व तेलकट आहेत, दोन-तीन वड्यांवर नारिंगी ठिपके आले असून त्यांना खवट वास येतो. साबण फुकट गेला का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपण तीन वेगळ्या तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत. थेंब म्हणजे ग्लिसरीनने हवेतून ओढलेला ओलावा. खाडीकाठच्या पावसाळ्यात तो येणारच, त्याने काही बिघडत नाही, कोरड्या फडक्याने टिपून वड्या पंख्याखाली ठेवाव्यात. मऊ व तेलकट राहण्याचे कारण बहुधा सोड्याच्या पुडीत आहे. उघडी राहिलेली पुडी दमट हवेतील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मग काट्यावर ७० ग्रॅम भरले तरी त्यात खरा सोडा कमी असतो आणि तेवढी चरबी तशीच राहते. पुडीतील चकत्या एकमेकींना चिकटल्या असतील किंवा त्यांवर पांढरी भुकटी धरली असेल तर तो सोडा साबणासाठी बाद समजावा. मऊ वड्या भांडी घासण्यास चालतील.

नारिंगी ठिपके हा खवटपणा आहे आणि तो मागे फिरत नाही. चरबीत मांसाचे कण राहणे, जुने तेल, नळाच्या पाण्यातील लोह, किंवा मऊपणाच्या लोभाने दहा-बारा टक्के स्निग्धांश मोकळा ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. त्या वड्या टाकून द्याव्यात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. चरबीऐवजी काय वापरावे? रंगासाठी हळद घातली तर चालेल का?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : आपल्याकडे कोकमाचे तेल आहे. तळपायांच्या भेगांवर लावायला कोकणातून मुठेल येते, तेच. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्याने वडीला चरबीसारखाच टणकपणा येतो. मात्र प्रमाण जास्त झाले तर ती ठिसूळ होते. कोकम तेल १०० ग्रॅम, खोबरेल १५०, राइस ब्रान तेल २०० आणि एरंडेल ५० ग्रॅम घेतल्यास सोडा ६८ ग्रॅम व पाणी १३६ ग्रॅम लागेल. ही वडी कापण्याजोगी होण्यास एखादा दिवस जास्त घेते. हळद घालण्यास हरकत नाही, परंतु सोड्याचे पाणी लागताच ती लालसर होईल. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागेही हीच क्रिया आहे. साबण मुरता मुरता रंग पिवळट-नारिंगी होतो. अर्धा चमचा पुरे, नाहीतर टॉवेलवर डाग पडतात.

प्रश्न : माझे साबण इमारतीत सगळ्यांना आवडतात. दिवाळीत उटण्याबरोबर विकू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : भेट म्हणून अवश्य द्यावेत, विक्री मात्र परवान्याशिवाय करू नये. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली २०२० मध्ये आलेल्या नियमांनुसार त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. जागा, तंत्रज्ञ आणि चाचणीच्या अटी पाहता घरातील ओट्यावर त्या पूर्ण होणे अवघड आहे; परवाना असलेल्या एखाद्या लहान कारखान्याकडून आपल्या कृतीने साबण करून घेता येतो का याची चौकशी करावी. भेट देतानाही वेष्टनावर बोकडाची चरबी असल्याचे ठळकपणे लिहावे, तयार केल्याची तारीख घालावी आणि संपूर्ण घटक मराठीत नोंदवावेत.