कापडी टप घालायचाय? आधी गाडीखाली बघा

प्रश्न : आमच्या घरी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, १९८९ सालची. आजोबांनी घेतली तेव्हा ती कापडी टपाची होती. पुढे इथल्या पावसाला कंटाळून त्यांनी पत्र्याचा टप आणि पत्र्याची दारं बसवून घेतली. ते गेल्यापासून गाडी पडवीत उभी आहे. इंजिन हँडलनंही फिरत नाही. मला ती पुन्हा चालती करायची आहे आणि पूर्वीसारखी कापडी टपाची करायची आहे. इथला कुशनवाला म्हणतो, माप द्या, आठ दिवसांत शिवून देतो. कापड कोणतं घेऊ, कॅनव्हास की रेक्झिन?
– एक वाचक, पाटण

उत्तर : कापडाचं सांगतो, पण कुशनवाल्याला इतक्यात माप देऊ नका. त्याचं काम सगळ्यात शेवटचं.

तुमच्या गाडीवरचा पत्र्याचा टप फक्त पाऊस अडवत नव्हता. पुढच्या काचेची चौकट आणि मागची बॉडी त्यानं इतकी वर्षं एकमेकांना जखडून ठेवली आहे. जीपची बॉडी वरून उघडी असते, तिचा सगळा ताठपणा तळात आणि तळाखालच्या पट्ट्यांत असतो. तळ गंजला की बाजू फाकायला बघतात, पण वर टप बोल्टांनी आवळलेला असेल तर ते दिसत नाही. टप उचलला की दिसतं. उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात अशा गाड्या येतात. टप काढून नवं हूड, म्हणजे कापडी टप, शिवलेलं असतं आणि तक्रार असते की कापडाला एका बाजूला सुरकुती पडते, दार लागत नाही. दोष शिलाईत शोधतात, आणि तो असतो तळाच्या पत्र्यात.

पण पाना हातात घेण्याआधी आरसी बुक काढा. बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. मूळची कापडी टपाची नोंद तशीच असेल तर तुम्ही गाडी तिच्या मूळ रूपात नेताय, फारशी अडचण येऊ नये. आजोबांनी त्या वेळी नोंद बदलून घेतली असेल तर आधी आरटीओत अर्ज, मग काम. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याच विषयाचं आहे : कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बुक अजून आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण, ज्याला आपण पासिंग म्हणतो, त्याचा अर्ज फॉर्म २५ मध्ये असतो. पासिंगला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते, म्हणून काम संपल्यावर त्याची तारीख घ्या. पण कागद कुठे अडकलाय हे आजच कळू द्या.

आता टप. उतरवण्याआधी मोजमाप घ्या. काचेच्या चौकटीच्या डाव्या बोल्टापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उजव्या बोल्टापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत, अशी दोन्ही तिरकी मापं लिहून ठेवा. मग मागच्या दोन कडांमध्ये एक जाड लाकडी पट्टी आडवी घट्ट बसवा आणि मगच बोल्ट सोडा. टप उतरल्यावर तीच मापं पुन्हा घ्या. फरक पडला तर गाडी वाकलीय किंवा तळ गेलाय. टप भंगारात देऊ नका. पुढे कोणाला गाडी पुन्हा पत्र्याची करावीशी वाटली तर तो टप मिळणार नाही.

मग हातोडी घेऊन गाडीखाली शिरा. चेसिसवर फूटभर अंतरावर हलके ठोके मारत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, गंजानं पोखरलेलं बद्द वाजतं आणि खपल्या गळतात. तीन जागा नीट तपासा : मागचा आडवा बीम, पाट्यांचे (स्प्रिंगांचे) शॅकल जिथे अडकतात ते ब्रॅकेट, आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टनं धरलेला आहे ती चेसिसची बाजू. तिथे केसाएवढी चीर असते, ती ग्रीस आणि मातीखाली लपते. डिझेलनं धुऊन, पुसून, बॅटरीच्या उजेडात बघा. चीर दिसली तर नुसती वेल्डिंगची रेघ ओढून चालत नाही. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची, मग भरायची आणि वरून मापाची प्लेट लावायची. हे काम ज्याला चेसिसच्या वेल्डिंगचा हात आहे त्याच्याकडूनच करून घ्या. ग्रिल-गेटवाल्याकडून नाही.

बॉडीला लोहचुंबक लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर भरलेला आहे, म्हणजे खाली भोक आहे. पायाखालचा पत्रा, बॅटरीच्या पेटीखालचा भाग आणि मागच्या चाकांवरच्या पेट्यांचे सांधे हे हमखास गेलेले असतात. गंजलेला भाग कापून नवा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घाला. तळाला १६ गेज, बाजूंना १८ गेज पुरतो. सांध्याला दोन्हीकडून सीम सीलर, त्यावर प्रायमर. हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार बॉडी मागवण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तिथे जीपचं काम मोठ्या प्रमाणावर होतं, बॉड्या मिळतातही. तरी बाजूचे पत्रे शाबूत असतील तर मी जुनी बॉडीच वाचवायला सांगेन. आजोबांची गाडी म्हणून तुम्ही ती ठेवली आहे, तर तिचं मूळ अंग जितकं राहील तितकं राहू द्या.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पत्र्याच्या टपाखाली ती कोणाच्या लक्षात येत नाही. कापडी टपाच्या गाडीत पाणी येणारच. कितीही चांगलं शिवा, पाटणच्या पावसात येणारच. म्हणून तळाची निचऱ्याची भोकं बुजवू नका. रबरी बूच लावा आणि पावसाळ्यात काढून ठेवा. रबरी मॅट चिकटवून टाकू नका, पाणी तिच्याखाली मुरतं आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्रा संपतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. तुमच्या गाडीत प्युजोचं एक्सडीपी ४.९० असणार : चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. हे दणकट इंजिन आहे. पण अडकलेलं इंजिन धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीनं ओढून फिरवू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. हीटर प्लग काढा, त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं, पुढे-मागे, थोडं थोडं हलवा. सुटलं तर टाकी उतरवून धुवा, सगळे डिझेल पाईप आणि फिल्टर बदला आणि पंप-नोझल तपासायला द्या. ब्रेकमधली सगळी रबरं न बघता बदला. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, होज पाईप, सगळं. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी ओढतं आणि आतून सिलिंडर खातं. पाटे उतरवून सुटे करा, घासा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, बुश नवे घाला.

गाडी आपल्या चाकांवर उभी राहिली, दारं लागली, काचेची चौकट सरळ बसली, की मग हूड.

हुडाचे पाईप आधी. जुने सापडले तर सोन्याहून पिवळं. नसतील तर जाड भिंतीचा पाईप घ्या. वाकवताना त्यात कोरडी, चाळलेली वाळू ठासून दोन्ही टोकांना लाकडी बूच मारतात, म्हणजे पाईप वळणावर चेपत नाही. कमान मध्ये उंच आणि कडांना उतरती हवी. सपाट झाली तर दोन पाइपांच्या मध्ये पाणी साचतं, टपाला पोट सुटतं आणि ते वजन शिलाई उसवतं. पाईप कापडाला घासतो तिथे कापडाची दुहेरी पट्टी आतून लावून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी तुम्हाला जाड सुती कॅनव्हास घ्यायला सांगेन, पाणी न लागण्याची प्रक्रिया केलेला. सुती धागा भिजला की फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. म्हणून शिलाईही सुती वेष्टनाच्या दोऱ्यानंच हवी, नुसत्या नायलॉननं नको. पहिल्या एक-दोन पावसांत थोडं ठिबकेल, मग बसेल. रेक्झिन म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. ते पाणी पूर्ण अडवतं, पुसायला सोपं, पण सुईची भोकं उघडी राहतात, त्यांना आतून पट्टी किंवा सीलर लागतो. उन्हानं ते घडीवर तडकतं. शिवाय बंद गाडीत पावसाळ्यात आतून घाम धरतं, कॅनव्हास थोडा श्वास घेतो. गाडी रोज बाहेर उघड्यावर उभी राहणार असेल आणि देखभालीला वेळ नसेल तर चांगल्या प्रतीचं रेक्झिनही चालेल. तुमच्याकडे पडवी आहे, तेव्हा कॅनव्हासच. फक्त ओला कॅनव्हास गुंडाळून ठेवायचा नाही, बुरशी धरतो. आणि साबणाच्या पावडरीनं धुवायचा नाही, प्रक्रिया निघून जाते.

कुशनवाल्याला गाडीजवळ बोलवा. जुन्या हुडावरून किंवा कागदावरच्या मापावरून शिवू देऊ नका. त्यानं कापड पाइपांवर टाकावं, ताणून खडूनं खुणा कराव्यात, नुसते टाके घालून पुन्हा चढवून बघावं आणि मगच पक्की शिलाई मारावी. सांधा दुमडून दोनदा शिवलेला हवा आणि दुमड खाली उतरत जाणारी हवी, कौलावर कौल चढतं तशी, म्हणजे पाणी शिवणीत शिरत नाही. टाके फार बारीकही नकोत. जवळजवळ भोकं पडली की कापड तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं. सुती कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी तो तुकडा एकदा भिजवून वाळवायला सांगा. यासाठी त्याला आठ दिवसांपेक्षा जास्त लागले तरी लागू द्या.

शेवटी दोन गोष्टी जिवाच्या. मागचा पडदा वर गुंडाळून बाजूचे पडदे बंद ठेवून गाडी चालवू नका. पळत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो. मागचा उघडायचा तर बाजूचेही उघडा. सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या बाहेर आलेलं आहे ना, ते बघा. आणि पत्र्याचा टप गेल्यावर डोक्यावर काही उरत नाही, तेव्हा पट्टे बसवा. पट्ट्याचा बोल्ट नुसत्या तळपत्र्यात नको, खालून जाड प्लेट हवी. रोलबार घालणार असाल तर त्याचे पाय चेसिसपर्यंत पोचले पाहिजेत आणि आरटीओला आधी विचारलेलं पाहिजे. मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून घाट उतरू नका.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ ची सीजे ३बी जीप आहे, मूळ पेट्रोल इंजिनासकट. लिटरमागे सरासरी कमी मिळते म्हणून फिटर डिझेल इंजिन टाकायला सांगतो. टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. त्या गाडीचं बॉनेट एवढं उंच का आहे? १९५३ साली अमेरिकेच्या विलीज कंपनीनं ही गाडी आणली ती उंच हरिकेन इंजिन मावावं म्हणून. ते इंजिन काढलं तर उरतो तो त्याच्यासाठी घडवलेला रिकामा चेहरा. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. इंजिन बदललंत तर ती वाट बंद होईल. अर्थात व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर रोज न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा. काहीही ठरवलंत तरी पेट्रोलचे जुने रबरी पाईप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची किट आधी बदला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर फुगतं आणि गळतं. गरम मॅनिफोल्डशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आगीला बोलावणं.

प्रश्न : हुडाच्या मागच्या खिडकीचं प्लास्टिक धुरकट झालंय. रॉकेलनं पुसलं तर साफ होईल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : रॉकेल, पेट्रोल, थिनर काहीही लावू नका, प्लास्टिक कडक होऊन तडकेल. भरपूर पाणी ओतून आधी धूळ जाऊ द्या, मग मऊ ओल्या फडक्यानं पुसा. कोरडं फडकं कधीच नाही, ओरखड्यांनीच ते धुरकट होतं. आतून पिवळं पडलं असेल तर ते उन्हानं आहे, ते निघत नाही. तेवढा तुकडा उसवून नवा लावून घ्या, अख्खं हूड बदलायची गरज नाही. पडदा वर गुंडाळताना प्लास्टिकवर प्लास्टिक येऊ देऊ नका, मध्ये जुन्या धोतराचा तुकडा घाला. थंडीच्या सकाळी गुंडाळायचा असेल तर आधी थोडा वेळ उन्हात तापू द्या.