हॉटेलातलं टॅब्लेटवरचं बिलिंग: वाचकांचे चार प्रश्न

मेनूत ११० पदार्थ आहेत. गर्दीत ऑर्डर घेणारे कॅप्टन भलतंच बटण दाबतात. बटणं मोठी केली की स्क्रोल वाढतो. काय करावं? (सांगली)

अँड्रॉइडने बटणासाठी सांगितलेलं ४८ डीपी (डीपी हे स्क्रीनवरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिमी, हे किमान माप आहे. एका हातात टॅब धरून उभ्याने ऑर्डर घेणाऱ्यासाठी १५ मिमी उंची आणि बटणांमध्ये २ मिमी फट ठेवा. १० इंची टॅब आडवा धरला, उजवीकडचा एक तृतीयांश भाग चालू ऑर्डरला आणि वरची पट्टी गटांना दिली, तरी चार रकाने आणि पाच ओळी आरामात बसतात. ११० पदार्थ सहा गटांत साधारण सारखे वाटले, तर स्क्रोलची गरजच उरत नाही.

पण चुकांचं मूळ बहुधा आकारात नसतं. ‘पनीर बटर मसाला’ आणि ‘पनीर टिक्का मसाला’ शेजारी असतात आणि घाईत नजर पहिल्याच शब्दावर थांबते. ‘बटर’ आणि ‘टिक्का’ ठळक करा, शक्य तर दोघांत दुसरा पदार्थ घाला. ‘जास्त खपणारे आपोआप वर’ ही सोय बंद ठेवा. कॅप्टनच्या बोटाला जागा पाठ असते, ती रोज हलली की सवय मोडते. संपलेला पदार्थसुद्धा लपवू नका, जागच्या जागी फिका करा. हाफ, जैन, कमी तिखट हे पर्याय ऑर्डरच्या ओळीवर टॅप केल्यावर उघडावेत. बटण दाबून धरायची युक्ती नवा पोरगा शोधून काढेल ही आशा सोडा.

आचाऱ्यांसाठी केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) मराठीत हवी आहे, पण प्रिंटर भलतीच चिन्हं छापतो. फॉन्ट बदलून भागेल का? (नाशिक)

नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. साधा थर्मल प्रिंटर त्यातला एकेक बाइट वेगळं अक्षर समजून आपल्या तक्त्यात शोधतो, म्हणून हा कचरा. नुसती अक्षरं असून भागत नाही. ‘मिसळ’ची वेलांटी ‘म’च्या आधी नेणं, ‘श्रीखंड’मधलं जोडाक्षर जुळवणं हे काम त्याला येत नाही.

तेव्हा केओटी टॅबवरच चित्र म्हणून तयार करा आणि ईएससी/पीओएस या बिल प्रिंटरच्या आज्ञाभाषेतल्या रास्टर (ठिपक्यांचं चित्र छापायच्या) आज्ञेने पाठवा. ८० मिमी कागदावर छपाईची रुंदी ७२ मिमी, म्हणजे ५७६ ठिपके; ५८ मिमीवर ३८४. मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणून पदार्थाचं नाव ४० ठिपके उंच ठेवलं तर ५ मिमी उमटतं. टेबल नंबर त्याच्या दुप्पट हवा. किंमत केओटीवर नको. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं अँटी-अलायझिंग बंद करा, कारण प्रिंटरला करडा रंग माहीत नाही आणि कडांना ठिपक्यांची पुरळ येते. बारीक फॉन्टची रेघ तुटते, मध्यम-जाड घ्या. लांब केओटी एकदम पाठवली तर स्वस्त प्रिंटरची मेमरी भरते आणि तो अर्ध्यावरून बरळायला लागतो. म्हणून शंभरेक ठिपके उंचीच्या पट्ट्या करून पाठवा. आणि प्रिंटर शेगडीजवळ नको, थर्मल कागद उष्णतेनेच काळा पडतो.

नेट गेलं की एकच केओटी दोनदा निघते, कधी दोन बिलांना एकच नंबर पडतो. (ठाणे)

दोन्ही दोष एकाच गृहीतकातून येतात: सर्व्हर कायम हजर आहे. ऑर्डर आधी टॅबच्याच डेटाबेसमध्ये नोंदवा. तिला तिथेच ओळखक्रमांक द्या आणि पुन्हा पाठवताना तोच वापरा, म्हणजे सर्व्हर दुसरी प्रत ओळखून टाकून देईल. छपाईचं उत्तर आलं नाही, तर आपोआप पुन्हा छापू नका. ‘किचनला पोचली का?’ असं लाल पट्टीत विचारा, आणि पुन्हा छापलेल्या केओटीवर मोठ्या अक्षरांत ‘दुसरी प्रत’ लिहा.

बिल नंबरसाठी जीएसटीचा नियम ४६ सोयीचा आहे. नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा, १६ चिन्हांपेक्षा मोठा नको, पण मालिका एकाहून जास्त चालतात. प्रत्येक टॅबला स्वतःची मालिका द्या, म्हणजे एकमेकांना विचारावंच लागणार नाही.

स्क्रीनवर ‘इंटरनेट नाही’ आणि ‘प्रिंटर सापडत नाही’ असे वेगळे संदेश हवेत. पहिल्यात काम चालू राहतं, दुसऱ्यात कॅप्टनला आत पळावं लागतं. प्रिंटरला स्थिर आयपी (नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता) द्या आणि राउटर यूपीएसवर ठेवा. वीज गेली तरी टॅब बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही.

परमिट रूम आहे. जेवण आणि दारू एकाच बटणात करता येईल का? (कोल्हापूर)

ऑर्डर एकत्र घ्या, कर वेगळा ठेवा. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. दर कोडमध्ये कोरू नका, तारखेसह सेटिंगमध्ये ठेवा: महाराष्ट्रात हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला तेव्हा कोरलेले दर नडले असते. हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात नको, पूर्ण पैशांत करा. ४८५ रुपयांच्या जेवणावर केंद्र आणि राज्य यांचा अडीच-अडीच टक्के जीएसटी म्हणजे प्रत्येकी १२.१२५ रुपये, दोन्हीकडे १२.१३ धरले तर बेरीज २४.२६ होते, थेट ५ टक्के काढले तर २४.२५. छापलेल्या आकड्यांची बेरीज जुळली पाहिजे, म्हणून दोन्ही कर आधी वेगवेगळे काढा, मग मिळवा.